पाय हलतो तेव्हा कंबर काय करते : साताऱ्यातील दहा आठवड्यांच्या कोअर वर्गाचा अनुभव

साताऱ्यातील एका फिजिओथेरपी केंद्राने खेळाडूंसाठी जून ते ऑगस्ट या काळात घेतलेला कोअर, म्हणजे पोट, कंबर आणि खुब्याभोवतीच्या स्नायूंच्या, प्रशिक्षणाचा दहा आठवड्यांचा वर्ग मी पूर्ण केला. मी एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, शाळेच्या मैदानी खेळांच्या संघाची जबाबदारी गेली अठरा वर्षे माझ्याकडे आहे आणि मी स्वतःही सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावतो. वर्गाला मी एकटा गेलो नव्हतो. १०० मीटर अडथळ्यांची शर्यत धावणारी दहावीतील एक मुलगी आणि मल्लखांबावर वाढलेला, आता ४०० मीटर धावणारा नववीतील एक मुलगा अशा दोन विद्यार्थ्यांना त्यांच्या पालकांच्या संमतीने बरोबर नेले होते. शुल्क प्रौढांसाठी साडेसहा हजार आणि विद्यार्थ्यांसाठी चार हजार रुपये होते. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी सहा ते सात अशी वेळ होती. दिलेल्या पैशांचे चीज झाले असे माझे मत आहे, तरी तीन गोष्टी मला मनापासून खटकल्या आणि त्यांबद्दलही पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण शाळेतील मुलांसाठी चार हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे.

वर्गाला जाण्याचे कारण माझा उजवा गुडघा. शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढताना काहीही त्रास होत नसे; परतीच्या उतारावर मात्र साधारण पंधराव्या किलोमीटरनंतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखी कळ येऊ लागे आणि शेवटचे अंतर चालत, लंगडत पूर्ण करावे लागे. दोन वर्षे मी बूट बदलून पाहिले, गुडघ्याला पट्टा बांधून पाहिला, मांडीचे स्नायू ताणण्याचे व्यायाम केले. कोअर कमकुवत असेल अशी शंका मला कधी आलीच नाही, कारण मी सलग तीन मिनिटे प्लँक (कोपरे व पायाची बोटे टेकवून शरीर फळीसारखे सरळ ठेवणे) धरू शकत होतो आणि शाळेतील मुलांसमोर ते करून दाखविण्यात मला अभिमान वाटे. पहिल्या दिवशी हे वर्ग घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी मला प्लँक धरायला लावला, एक मिनिट झाल्यावर “पुरे” म्हणून थांबविले आणि पाठीवर झोपायला सांगितले.

त्यानंतरची दहा मिनिटे म्हणजे या वर्गाचा गाभा, म्हणून ती तपशिलात सांगतो. गुडघे वाकवून, पावले जमिनीवर टेकवून मी उताणा झोपलो. कमरेखाली जी पोकळी राहते तिथे त्यांनी साधारण वहीच्या आकाराची, तीन कप्प्यांची एक चपटी उशी सरकवली. उशीला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला रक्तदाबाच्या यंत्रावर असते तशी काट्याची तबकडी होती. हवा भरून काटा ४० वर आणला. हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. कंबर जमिनीकडे दाबली गेली की काटा वर जातो, कमरेची कमान वाढली की उशीवरचा भार कमी होऊन काटा खाली येतो. तबकडी माझ्या हातात देऊन डॉक्टर म्हणाल्या, “सर, आता काटा चाळीसवर ठेवायचा आणि उजवी टाच जमिनीवरून सरकवत पाय सरळ करायचा. बाकी काही नाही.” काम इतके सोपे वाटले की मी लगेच पाय सरकवला. टाच वीतभरही गेली नव्हती तोच काटा ३० च्या खाली आला. दुसऱ्या वेळी पोट घट्ट आवळले, तर काटा ५५ वर जाऊन थांबला आणि माझा श्वासही थांबला. डाव्या पायाच्या वेळी काटा ३६ पर्यंतच उतरला. उजव्या बाजूला मात्र पाचही प्रयत्नांत तो गडगडला. तीन मिनिटे प्लँक धरणाऱ्या माणसाला जमिनीवर झोपून एक पाय सरळ करताना स्वतःची कंबर जागेवर ठेवता येत नव्हती.

असे का होते, हे डॉक्टरांनी हाडांच्या सांगाड्यावर दाखविले. मांडी पुढे उचलणारा प्रमुख स्नायू सोआस हा मांडीतून सुरू होत नाही. तो कमरेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघतो, ओटीपोटातून खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळ, आतल्या बाजूस जोडला जातो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो दोन्ही टोके एकमेकांकडे ओढतो. त्यांपैकी जे टोक सैल असेल ते हलते. गोठ्यातील खुंटी सैल असेल तर जनावराने दावे ताणताच खुंटीच उपटून येते, तसे हे आहे. मणके आणि श्रोणी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा कटोरा, पोटाच्या व पाठीच्या खोल स्नायूंनी वेळेवर धरून ठेवला तर सोआसचे सगळे बळ मांडी उचलण्यात जाते. तो धरला नाही तर त्या बळाचा काही भाग कमरेचे मणके पुढे ओढण्यात खर्ची पडतो, श्रोणी पुढे झुकते आणि पाय मात्र तितका वर येत नाही. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचेही तेच. त्यांचा उगम आपण बसतो त्या हाडांवर असतो. श्रोणी पुढे झुकली की ही हाडे मागे व वर सरकतात आणि हॅमस्ट्रिंग पाय टाकण्याआधीच ताणलेल्या अवस्थेत येतात. वेगात धावणाऱ्या ज्या मुलाचा हॅमस्ट्रिंग पुन्हा पुन्हा दुखावतो, त्याच्या मांडीबरोबरच त्याची कंबरही तपासली पाहिजे, हे मी अठरा वर्षांच्या नोकरीनंतर शिकलो, आणि त्याबद्दल मला माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांची आठवण होऊन वाईट वाटले.

“वेळेवर” हा शब्द डॉक्टर वारंवार वापरत असत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा त्यामागे आधार आहे. उभ्या असलेल्या निरोगी माणसांना पाय पुढे, बाजूला किंवा मागे हलविण्यास सांगून त्यांनी स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदविली, तेव्हा पाय हलविणारा स्नायू कामाला लागण्याच्या आधीच धडाचे स्नायू कामाला लागलेले असत आणि त्यांतही पोटाभोवती पट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला ट्रान्सव्हर्सस अ‍ॅब्डोमिनिस हा सर्वांत आतला स्नायू प्रत्येक दिशेच्या हालचालीत सर्वांत आधी जागा होई. शरीर पाय उचलण्याचा विचार करते तेव्हाच पाया बांधायला घेते, असा त्याचा अर्थ. त्याच संशोधकांना जुनाट कंबरदुखी असलेल्यांमध्ये हा स्नायू उशिरा जागा होताना आढळला. मी प्लँकमध्ये तीन मिनिटे जे कमावत होतो ती ताकद होती, चिकाटीही होती. पण प्लँकमध्ये पाय हलतच नाहीत, त्यामुळे वेळ साधण्याचा प्रश्न तिथे कधी उभाच राहत नाही.

पहिले तीन आठवडे याच जमिनीवरच्या कामात गेले. टाच सरकवणे, वाकलेला गुडघा सावकाश बाहेरच्या बाजूला सोडणे, एक पाऊल दोन बोटे उचलणे, मग दोन्ही पाय हवेत ठेवून विरुद्ध हात व पाय लांब नेणे. या शेवटच्या व्यायामाला आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी ‘उताणे झुरळ’ असे नाव दिले आणि पुढे केंद्रातील सगळेच तेच नाव वापरू लागले. काट्याने २ अंकांपेक्षा जास्त हलायचे नाही, आणि श्वास चालू हवा, या दोन अटी. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड होती. श्वासपटल हे पोटाच्या पोकळीचे छत आहे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ही तिची जमीन आणि बाजूच्या भिंती स्नायूंच्या. या सर्वांनी मिळून पोटातील दाब राखला की कणा आतून आधारला जातो. वजन उचलताना क्षणभर श्वास रोखून हा दाब वाढविता येतो, परंतु एकवीस किलोमीटर धावणाऱ्याला श्वास रोखून चालत नाही. त्याच्या श्वासपटलाला श्वास घेणे आणि कणा धरणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. डॉक्टरांनी त्यासाठी मोठ्याने बोलत व्यायाम करण्याची पद्धत ठेवली होती. मुले पाढे म्हणत आणि मी कविता म्हणत असे. शब्द तुटला की श्वास रोखला गेला हे लगेच कळे. हा उपाय मी आता शाळेत रोज वापरतो. त्याला एक पैसा खर्च येत नाही.

पोट कसे आवळायचे, याबाबत डॉक्टरांची भूमिका स्पष्ट होती. बेंबी पाठीकडे ओढून पोट खपाटीला नेण्याची पद्धत एके काळी सर्वत्र शिकवली जाई, आणि खोल स्नायू ओळखता यावा म्हणून पहिल्या आठवड्यात तिचा थोडा उपयोग त्यांनीही केला. धावताना, उडी मारताना मात्र पोटाचा घेर चहूबाजूंनी हलकासा घट्ट करावा, कोणी कुशीत बोट खुपसणार आहे अशा तयारीने, असे त्यांचे सांगणे होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल यांनी याच पद्धतीचा पुरस्कार केला आहे. किती घट्ट, हा प्रश्न मी विचारला. पूर्ण ताकदीच्या अगदी थोड्या भागानेच भागते, जास्त आवळले की खुबा जखडतो आणि पाऊल आखूड पडते, हे त्यांनी मला मैदानाच्या कडेला वीस पावले धावायला लावून दाखवून दिले. पोट दगडासारखे करून धावताना माझे पाय खरोखरच खुरटल्यासारखे पडत होते.

आता त्या मल्लखांबपटू मुलाबद्दल, कारण त्याच्यामुळे मला या विषयाची दुसरी बाजू दिसली. त्याने पहिल्याच दिवशी दोन्ही पायांनी काटा ४० वर ठेवून दाखविला. लाकडी खांबाला मांड्यांनी पकड घालून धड हवेत आडवे धरण्याची सवय असलेल्या मुलाला जमिनीवरची ही परीक्षा म्हणजे काहीच नव्हती, आणि मला वाटले की याला वर्गाची गरजच नाही. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी वीतभर उंचीचे लाकडी खोके मांडले. एका पायावर उभे राहून दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचे. समोरून मोबाईलवर चित्रण. हा मुलगा उतरला तेव्हा त्याचा उजवा गुडघा आत, पायाच्या अंगठ्याच्याही पलीकडे वळला, डावा खुबा खाली गेला आणि धड उजवीकडे कलले. त्याला ते चित्रण संथ गतीने दाखविले तेव्हा तो बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, मी असा धावतो?”

धावताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. प्रत्येक पाऊल म्हणजे एका पायावरचे उतरणे, आणि त्या पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार क्षणभर येतो. त्या क्षणी श्रोणी आडवी, समतल ठेवण्याचे काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लूटिअस मीडिअस आणि नितंबाचे इतर स्नायू करतात. ते कमी पडले की हवेतल्या पायाकडची बाजू खाली झुकते, मांडीचे हाड आत फिरते आणि गुडघा आत जातो. पोटाचे स्नायू कितीही तयार असले तरी हे दुसऱ्या स्नायूंचे, दुसऱ्या क्षणाचे काम आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल आणि ट्रॅकवरील खेळाडूंवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोअरच्या अनेक चाचण्यांपैकी पायाची दुखापत कोणाला होईल याचा उपयुक्त अंदाज फक्त एका मोजमापावरून बांधता आला, ते म्हणजे खुबा बाहेर फिरविण्याची ताकद. येल विद्यापीठातील २००७ चा अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. २७७ खेळाडूंच्या धडाला अचानक झटका देऊन ते किती हलते हे आधी मोजून ठेवले आणि मग तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २५ जणांना गुडघ्याची दुखापत झाली, आणि ज्यांचे धड झटक्यानंतर जास्त हलले होते त्यांच्यात ती अधिक होती. गुडघ्याचे भवितव्य धडाच्या मोजमापात दिसले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की धड आणि खुबा यांना वेगवेगळे खाते मानून व्यायाम देणे किती अपुरे आहे ते ध्यानात येते. वर्गाच्या आखणीत चौथ्या आठवड्यापासून हेच धोरण दिसले: कुशीवरचा प्लँक वरचा पाय उचलून, सेतुबंध (उताणे झोपून कंबर वर उचलणे) एका पायावर, आणि रबरी पट्टा गुडघ्यांभोवती घालून बाजूने चालणे.

माझ्या गुडघ्याचे उत्तरही या खोक्यावरच मिळाले. उजव्या पायावर उतरताना माझी श्रोणी डावीकडे झुकत होती, आणि उतारावर हेच प्रत्येक पावलाला, हजारो वेळा, अधिक भाराने घडत होते. चढावर ते जाणवत नसे, कारण चढताना पाऊल हळू व हलके पडते.

माझ्या दृष्टीने वर्गाचा सर्वांत मोलाचा परिणाम त्या अडथळ्यांच्या शर्यतीतील मुलीवर झाला. १०० मीटरमध्ये दहा अडथळे असतात. पहिला १३ मीटरवर आणि पुढचे प्रत्येकी साडेआठ मीटरवर, मध्ये तीन पावले. तिची पहिले चार अडथळे होईपर्यंतची लय उत्तम असे, नंतर ती अडथळ्यानंतर डावीकडे उतरू लागे आणि तीन पावलांची चार पावले होत. मी वर्षभर तिच्या पावलांवर काम करत होतो. डॉक्टरांनी चित्रण पाहिले ते मागच्या पायाचे. अडथळ्यावरून मागचा पाय नेताना तो खुब्यातून बाहेर उघडून, गुडघा काखेकडे आणत पुढे आणावा लागतो. खुबा पुरेसा उघडत नसेल किंवा त्या क्षणी धड धरलेले नसेल तर शरीर तो पाय पुढे आणण्यासाठी कंबरच पिळते, आणि पिळलेल्या कमरेवर पुढचा पाय सरळ रेषेत उतरणे शक्य नसते. हातांचाही यात वाटा असतो. पाठीचा रुंद लॅटिसिमस स्नायू आणि विरुद्ध बाजूचा नितंबाचा मोठा स्नायू कमरेवरच्या जाड पडद्याने एकमेकांशी जोडलेले आहेत, म्हणून धावताना उजवा हात आणि डावा पाय जोडीने काम करतात. तिचा हात अडथळ्यावर मागे भिरकावला जाई तेव्हा ही जोडी तुटे.

सहाव्या आठवड्यापासून तिला भिंतीला हात टेकून, कमी उंचीच्या अडथळ्याच्या बाजूने फक्त मागचा पाय फिरविण्याचा सराव दिला, कमरेला पातळ दोरी बांधून. दोरीची दोन्ही टोके पुढे लोंबत ठेवलेली. कंबर पिळली की टोके हेलकावे खातात. इतके साधे साधन. ती घरी अंगणात हाच सराव करू लागली. नवव्या आठवड्यात सलग सात अडथळे तिने तीन पावलांत घेतले. “सर, पाय हलका झालाय,” असे ती म्हणाली. पाय हलका झाला नव्हता. पण हा शब्दप्रयोग मला फार अचूक वाटला, कारण आतून जाणवते ते तसेच. आमच्याच जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या; त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे वाढत्या थकव्यात पस्तीस वेळा धड आणि पाय यांचा हा मेळ साधावा लागतो. त्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे छायाचित्र चिकटवलेले आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर म्हणजे तुकडीचा आकार. प्रवेशाच्या वेळी आठ जणांची तुकडी असेल असे सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही तेरा जण होतो आणि दाबाच्या उशा तीनच. ज्या व्यायामाचा जीव काट्यावर आहे तो काट्याशिवाय केला की माणूस आपल्या जुन्या सवयीनेच करतो. मी स्वतः दोन सत्रे उशीशिवाय केली आणि पुढच्या वेळी उजव्या बाजूचा आकडा पुन्हा खाली आलेला दिसला. दुसरी, डॉक्टर नसतील त्या दिवशी वर्ग घेणारे सहायक प्रशिक्षक अजूनही “बेंबी आत ओढा, आणखी आत” असे सांगत, प्लँकची वेळ मोजत आणि मिनिटांवरून मुलांना शाबासकी देत. दोन शिक्षक दोन परस्परविरोधी गोष्टी सांगतात तेव्हा प्रौढ माणूस प्रश्न विचारतो, पण नववीतील मुलगा गप्प राहून दोन्ही करतो. मी हे डॉक्टरांच्या कानावर घातले, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि नंतरच्या आठवड्यांत सुधारणा झाली, हेही नोंदवतो.

तिसरी उणीव वर्गाच्या रचनेतच आहे. प्रत्यक्ष धावणे आठव्या आठवड्यात आले, तेही चार सत्रांपुरते. धावपटूंवरच्या एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, सहा आठवड्यांच्या कोअर व्यायामानंतर ५००० मीटरची वेळ सुधारली, परंतु पाऊल जमिनीवर टेकताना निर्माण होणाऱ्या बलांच्या मोजमापांत लक्षणीय बदल आढळला नाही. जमिनीवर झोपून शिकलेले आपोआप पावलात उतरते असे गृहीत धरता येत नाही, ते पावलात उतरवावे लागते. फुटबॉलपटूंसाठी तयार झालेल्या ‘फिफा ११ प्लस’ या सराव कार्यक्रमात प्लँक आणि कुशीवरचा प्लँक यांच्या आगेमागे धावणे, उड्या व दिशा बदलणे एकाच सत्रात गुंफलेले आहे. येथेही पाचव्या आठवड्यापासून प्रत्येक सत्राची शेवटची पंधरा मिनिटे मैदानावर घेता आली असती. केंद्रापासून मैदान चालत पाच मिनिटांवर आहे.

आणखी एक बाब, जी मुलींच्या पालकांनी आधीच विचारावी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हा कोअरचा अविभाज्य भाग आहे, पण मिश्र तुकडीत त्याबद्दल पहिले दोन आठवडे एकही शब्द निघाला नाही. उड्या मारताना लघवीचे थेंब गळण्याचा त्रास धावणाऱ्या मुलींना व स्त्रियांना होतो आणि त्या तो कोणालाही सांगत नाहीत. मला हे माझ्या पत्नीकडून कळले, विद्यार्थिनींकडून नव्हे. विचारणा केल्यावर डॉक्टरांनी महिलांसाठी वेगळे सत्र घेतले आणि ते चांगले झाले असे माझ्या विद्यार्थिनीच्या आईने सांगितले. असे सत्र वेळापत्रकात सुरुवातीपासून असायला हवे.

दहाव्या आठवड्याच्या शेवटी माझा उजव्या पायाचा काटा ३८ च्या खाली गेला नाही. खोक्यावरून उतरताना श्रोणी अजून किंचित झुकते. सप्टेंबरच्या शर्यतीत कळ आली, मात्र अठराव्या किलोमीटरनंतर, आणि चालावे लागले नाही; शेवटचे तीन किलोमीटर मी पाऊल आखूड करून, श्वासाकडे लक्ष देत धावलो. मल्लखांबपटू मुलाचा गुडघा डाव्या पायावर सरळ राहू लागला आहे, उजव्यावर अजून काम बाकी आहे, आणि त्याला स्वतःला ते माहीत आहे ही मला जमेची बाजू वाटते.

ज्यांना तीव्र कंबरदुखी आहे, पायात मुंग्या येतात किंवा नुकतीच दुखापत झाली आहे त्यांनी या सामूहिक वर्गात न जाता आधी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. केंद्रातही प्रवेशाच्या वेळी तसेच सांगतात. पोटावर रेषा उमटाव्यात म्हणून येणाऱ्यांची निराशा होईल, तसे दोघे जण दुसऱ्या आठवड्यातच गळाले. एका बाजूच्या गुडघ्याचे किंवा हॅमस्ट्रिंगचे दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवणारे धावपटू, अडथळे व उड्यांचे खेळाडू, आणि माझ्यासारखे शाळेतील शिक्षक यांनी मात्र हा वर्ग अवश्य करावा. प्रवेश घेण्यापूर्वी तुकडीत किती जण असतील आणि प्रत्येकाला उशी मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. मी लांब उडीच्या दोन मुलींची नावे दिली आहेत आणि मैदानावरची पंधरा मिनिटे पहिल्या महिन्यातच सुरू करावीत असे पत्रही दिले आहे.